मुश्की घोडी, सुरंग घोडा आणि कुमेत शिंगरू

घोडी काळीभोर, घोडा तांबडा आणि त्यांचं शिंगरू मात्र तपकिरी अंगाचं, काळ्या आयाळीचं, काळ्या शेपटीचं, गुडघ्याखाली काळ्या पायांचं. असं शिंगरू विकायला आणलं की पहिला संशय मालकाच्या शब्दावर येतो. "हा सांगतो तो घोडा याचा बाप नाहीच," असं चारचौघांत बोललं जातं. प्रत्यक्षात या जोडीला असं शिंगरू होणं अगदी सरळ आहे. काही जोड्यांत तर दुसऱ्या रंगाचं शिंगरू होणंच शक्य नसतं.

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून भरणाऱ्या घोडेबाजारात रंगाला फार भाव. तिथली नावं गावागणिक, व्यापाऱ्यागणिक थोडी बदलतात, म्हणून या लेखापुरते अर्थ ठरवून घेऊ. मुश्की म्हणजे काळा. सुरंग म्हणजे पायापासून आयाळीपर्यंत तांबडा, कुठेही काळं नसलेला. कुमेत म्हणजे तपकिरी-तांबूस अंग आणि आयाळ, शेपूट, पाय काळे. सब्जा म्हणजे वयाबरोबर पांढरा होत जाणारा. अबलख म्हणजे पांढरे पट्टे असलेला, आणि नुकरा म्हणजे गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र.

आई-बापांचे रंग मिसळून शिंगराचा रंग तयार होतो, ही समजूत आधी बाजूला ठेवायला हवी. रंग मिसळत नाहीत. घोड्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच असतात: काळं-तपकिरी युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळं फिओमेलॅनिन. बाजारात दिसणारे सगळे रंग या दोहोंपैकी कुठलं, अंगावर कुठे, किती आणि किती दिवस तयार होतं यावर ठरतात. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळं जनुक देतं, आणि या जनुकांना एकमेकांचं उत्तर खोडून काढता येतं. गुंतागुंत आहे ती एवढीच, पण ती पुरेशी आहे.

सुरुवात दोन जनुकांपासून. पहिलं एमसी१आर, घोड्याच्या ३ क्रमांकाच्या गुणसूत्रावर. घोडापैदाशीच्या इंग्रजी पुस्तकांत यालाच एक्स्टेन्शन म्हणतात. रंगपेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक असतो, तो बनवणारं हे जनुक. ग्राहकाला संदेश मिळाला की पेशी काळं रंगद्रव्य बनवू लागते. १९९६ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की या जनुकाच्या डीएनएमधलं एकच अक्षर बदललं तर ग्राहक निकामी होतो. मग पेशी काळं बनवूच शकत नाही, फक्त तांबडं बनवते. प्रत्येक घोड्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. एमसी१आरची एक प्रत जरी चालू असली तरी काळं बनतं. दोन्ही बिघडलेल्या असतील तेव्हाच घोडा सुरंग होतो.

दुसरं जनुक एएसआयपी, म्हणजे अगूटी, २२ क्रमांकाच्या गुणसूत्रावर. याचं प्रथिन त्याच ग्राहकावर जाऊन बसतं आणि काळ्याचा संदेश अडवतं, पण सगळीकडे नाही. मान, पाठ, पोट, मांड्या इथे ते काळं थांबवतं. आयाळ, शेपूट, पाय आणि कानाच्या कडा मात्र मोकळ्या सोडतं. परिणाम म्हणजे कुमेत. या जनुकातली ११ अक्षरं गळाली की प्रथिन निकामी होतं. दोन्ही प्रती अशा निकामी असल्या तर काळं अंगभर पसरतं आणि घोडा मुश्की होतो.

पाटबंधाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पहिलं जनुक धरणाचं गेट आहे आणि दुसरं खालच्या चाऱ्यांवरची दारं. गेटच बंद असेल तर कुठली चारी उघडी आणि कुठली बंद, याला काही अर्थ उरत नाही. दारं मात्र आपल्या जागी असतात. पुढच्या पिढीत गेट उघडलं की ती लगेच कामाला लागतात.

आता सुरुवातीची जोडी पाहा. मुश्की घोडीचं गेट उघडं आहे, पण अगूटीच्या दोन्ही प्रती निकामी. सुरंग घोड्याचं गेट बंद आहे. त्याच्याकडे अगूटीच्या चांगल्या प्रती असल्या तरी त्या दिसायला वावच नाही, कारण अडवायला काळं नाहीच. शिंगराला आईकडून उघडं गेट मिळतं आणि बापाकडून चालू अगूटी. काळं बनतं आणि ते पाय, आयाळ, शेपटीपुरतं राहतं. आई-बाप दोघंही कुमेत नसताना शिंगरू कुमेत होतं ते असं. घोडीच्या गेटच्या दोन्ही प्रती चालू असतील आणि घोड्याच्या अगूटीच्याही दोन्ही, तर या जोडीचं प्रत्येक शिंगरू कुमेतच होईल. मालक खरं बोलत होता.

याची उलटी गोष्टही तितकीच होते. दोन कुमेत घोडी-घोडा घ्या. दोघांकडेही गेटची एक प्रत बिघडलेली आणि अगूटीची एक प्रत बिघडलेली, पण दुसऱ्या प्रती चालू असल्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. ही दोन जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे स्वतंत्रपणे वाटली जातात. एकूण १६ शक्यता होतात. त्यांतल्या ९ कुमेत, ३ मुश्की आणि ४ सुरंग. शाळेत मेंडेलच्या वाटाण्याचं ९:३:३:१ पाठ केलेल्यांना इथे काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. चुकलेलं नाही. 'गेट बंद, अगूटी चालू' हे ३ आणि 'गेट बंद, अगूटीही बंद' हा १, दोन्ही डोळ्यांना सारखेच सुरंग दिसतात, म्हणून ते एकत्र होऊन ४ झाले. एक जनुक दुसऱ्याला झाकतं तेव्हा गुणोत्तर असं बिघडतं. माझ्या मते हा सगळा विषय कळायला या ४ च्या आकड्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

जगातला सगळ्यात प्रसिद्ध सुरंग घोडा बहुधा सेक्रेटेरियट. १९७० साली अमेरिकेत जन्मला, १९७३ साली तिथल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकला आणि त्यांतली बेलमाँट तर घोड्याच्या ३१ लांबींच्या फरकानं. लोक त्याला लाडानं बिग रेड म्हणत. त्याचा बाप बोल्ड रूलर गडद कुमेत आणि आई समथिंगरॉयल कुमेत. म्हणजे दोघांकडेही गेटची एकेक बिघडलेली प्रत होती, हे मुलाच्या तांबड्या अंगावरूनच सिद्ध होतं, तपासणीची गरज नाही. या शर्यतीच्या जातीत, म्हणजे थरोब्रेडमध्ये, कुमेत आणि सुरंग उदंड. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर रेसकार्ड उघडलं तरी हेच दिसेल. खरा मुश्की मात्र क्वचित, कारण या जातीत अगूटीची निकामी प्रतच कमी आहे.

इथून एक पक्का नियम निघतो. दोन सुरंगांच्या पोटी मुश्की किंवा कुमेत शिंगरू होत नाही, कारण दोघांकडेही उघडं गेट द्यायला नाहीच. कुणी तसा दावा करत असेल तर तिथे मात्र बापाची चौकशी करावी. एक सावधगिरी हवी: काही सुरंग इतके गडद, काळपट असतात की लांबून मुश्कीच वाटतात. असा घोडा उन्हात उभा करून आयाळीचे केस हातात घेऊन पाहिले की तांबूस झाक कळते.

हा झाला पाया. याच्यावर काम करणाऱ्या जनुकांचा एक गट रंग फिका करतो, आणि त्यातली क्रीम व सिल्व्हर ही दोन शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

क्रीमचा बदल एसएलसी४५ए२ या जनुकात आहे. एक प्रत असेल तर ती फक्त तांबडं फिकं करते, काळ्याला जवळजवळ हात लावत नाही. म्हणून सुरंगावर एक क्रीम चढलं की अंग सोनेरी आणि आयाळ-शेपूट पांढरट होते. जगभर पालोमिनो म्हणतात तो हा. कुमेतावर एक क्रीम चढलं की अंग सोनेरी होतं, पण आयाळ-पाय काळेच राहतात. मुश्कीवर चढलं तर जवळपास काहीच दिसत नाही, कारण फिकं करायला तांबडं नाही. असा काळा घोडा क्रीम घेऊन बाजारात फिरत असतो आणि मालकाला पत्ता नसतो. मग त्याला सुरंग घोडी दाखवली आणि सोनेरी शिंगरू झालं की सगळे चकित.

दोन प्रती असल्या तर क्रीम काळ्यालाही सोडत नाही. अंग मलईसारख्या रंगाचं, कातडी गुलाबी, डोळे फिके निळे. खालचा पाया सुरंग होता, कुमेत होता की मुश्की, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड होऊन बसतं. पालोमिनोची जात शुद्ध करता येत नाही तीही यामुळेच. पालोमिनोवर पालोमिनो घातला तर सरासरी चारातलं एक शिंगरू साधं सुरंग, दोन पालोमिनो आणि एक गुलाबी कातडीचं होतं. कितीही पिढ्या निवड करत राहा, हे बदलणार नाही. हमखास सोनेरी शिंगरू हवं असेल तर सुरंग पायाचा दोन क्रीमवाला एक पालक आणि साधा सुरंग दुसरा, ही जोडी लावायची. दोन सोनेरी घोडे एकत्र आणून जे जमत नाही ते दोन सोनेरी नसलेल्यांकडून जमतं.

सिल्व्हर याच्या बरोबर उलट. ते काळं फिकं करतं आणि तांबड्याला शिवत नाही. काळ्या घोड्याचं अंग चॉकलेटी होतं आणि आयाळ चंदेरी. दिसायला फारच देखणा प्रकार. अमेरिकेच्या केंटकीतल्या रॉकी माउंटन जातीची ओळखच या रंगावर आहे. सुरंगात काळं नाही, म्हणून सिल्व्हर तिथे पूर्ण लपतं. हे लपणं धोक्याचं आहे, कारण ज्या जनुकातला बदल हा रंग देतो तोच डोळ्यांत जन्मजात दोषही निर्माण करतो. एका प्रतीत दोष सहसा सौम्य, दोन प्रतींत जास्त. सुरंग घोड्याच्या रंगावरून त्याच्याकडे सिल्व्हर आहे की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगू नये.

डनबद्दल थोडक्यात. अंग मातकट-फिकं, पाठीच्या मध्यावरून आयाळीपासून शेपटीपर्यंत गडद रेघ, कधी पायांवर आडव्या पट्ट्या. हा घोड्याचा मूळचा रंग. मंगोलियाच्या रानातले प्रेझवाल्स्की घोडे असेच असतात. २०१६ साली कळलं की टीबीएक्स३ या जनुकामुळे केसाच्या एकाच बाजूला रंग साठतो आणि म्हणून केस फिका दिसतो. आपण ज्यांना साधे, गडद रंग म्हणतो ते सगळे खरं तर हे जनुक ढिलं पडल्यानं मिळालेले आहेत.

आता सब्जा. बाकी जनुकं रंग कोणता ते ठरवतात. हे जनुक तो किती वर्षं टिकेल ते ठरवतं. सब्जा शिंगरू पांढरं जन्मत नाही. ते कुमेत, सुरंग, मुश्की असं काहीही असतं, आणि बरेचदा बरोबरीच्या शिंगरांपेक्षा गडद. नंतर केस पांढरे व्हायला लागतात. ते ओळखायचं असेल तर शिंगराच्या डोळ्यांभोवती पाहावं. पहिले करडे केस बहुधा तिथे येतात, चष्मा घातल्यासारखं वर्तुळ दिसतं. जन्माचे केस झडून नवे येताना हे अधिक स्पष्ट होतं. पुढे राखाडी, मग अंगावर गोल गोल चट्टे, आणि काही वर्षांत पांढरा. कातडी मात्र शेवटपर्यंत काळीच राहते. नाकपुड्या आणि ओठ पाहिले की खात्री पटते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधले पांढरे लिपिझानर घोडे असेच गडद जन्मतात. एखादा लिपिझानर आयुष्यभर गडद राहतो, आणि असा निदान एक तरी घोडा शुभ म्हणून शाळेत ठेवायची तिथे परंपरा आहे.

खंडोबाची तळी भरताना "निळा घोडा" म्हटलं जातं आणि देवाच्या तसबिरीत घोडा पांढरा असतो. सब्जा घोड्याचं आयुष्य पाहिलेल्याला यात विसंगती वाटणार नाही. ऐन जवानीत निळसर-करडा आणि उतारवयात पांढरा, एकच घोडा दोन्ही असू शकतो. तळी रचणाऱ्यांच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही, पण घोडा जाणणाऱ्या लोकांचं ते दैवत आहे एवढं खरं.

सब्जाचा बदल २००८ साली सापडला. २५ क्रमांकाच्या गुणसूत्रावर एसटीएक्स१७ या जनुकातला सुमारे ४,६०० अक्षरांचा तुकडा एकापेक्षा जास्त वेळा आलेला असतो. पुढे २०२४ साली असं दिसलं की तुकडा दोनदा असेल तर घोडा संथपणे फिका होतो आणि तीनदा असेल तर भराभर पांढरा. हे जनुक बाकी सगळ्यांच्या वर बसतं. खाली पालोमिनो असो की मुश्की, शेवट पांढऱ्यातच. अशा बदललेल्या जनुकाची एक प्रत पुरते, त्यामुळे सब्जा शिंगराच्या आई-बापांपैकी एक तरी सब्जा असलाच पाहिजे. ते एक पिढी वगळून येत नाही. थरोब्रेडमध्ये तर बहुतेक सगळ्या सब्जा घोड्यांची वंशावळ मागे मागे नेली की ती १८ व्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये असलेल्या अल्कॉक्स अरेबियन या एकाच घोड्यापाशी पोचते.

या पांढरेपणाची किंमतही असते. १५ वर्षांवरच्या सब्जा घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांना मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या अर्बुदाच्या, गाठी होतात, बहुतेक शेपटीखाली आणि गुदद्वाराभोवती. वाढतात सावकाश, पण सगळ्याच निरुपद्रवी राहत नाहीत. आणि खाली पुरलेला रंग इथे पुन्हा डोकं वर काढतो. ज्या सब्जा घोड्याच्या अगूटीच्या दोन्ही प्रती निकामी आहेत, म्हणजे जो मूळचा मुश्की आहे, त्याला हा धोका जास्त असतो. बाहेरून दोन घोडे सारखे पांढरे. धोका कमी की जास्त हे त्यांचा बालपणीचा रंग सांगतो. सब्जा घोडा विकत घेणाऱ्यानं शिंगरू असताना तो कसा होता हे विचारावं आणि शेपूट उचलून पाहावी.

आतापर्यंतचं सगळं रंगपेशी काय बनवतात याबद्दल होतं. अबलख, पंचकल्याणी आणि नुकरा यांचा प्रश्न वेगळा आहे: तिथे रंगपेशी पोचल्याच नाहीत. गर्भात रंगपेशींच्या पूर्वजपेशी पाठीच्या बाजूला, जिथे पुढे मज्जारज्जू होतो त्याच्या कडेला जन्मतात. तिथून त्या दोन्ही अंगांनी खाली, पोटाकडे, पायांकडे, तोंडाकडे चालत जातात आणि जाताना वाढतात. जिथे पोचत नाहीत तिथे केस पांढरा आणि कातडी गुलाबी. सगळ्यात लांबच्या जागा कुठल्या? चारही पायांचे खूर आणि कपाळ-नाकाचा मधला भाग. चार पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, असा पंचकल्याणी घोडा आपल्याकडे शुभ मानतात. त्याच पाच जागा पांढऱ्या का होतात याचं उत्तर पेशींच्या या प्रवासात आहे.

या प्रवासावर केआयटी, एमआयटीएफ, ईडीएनआरबी अशा अनेक जनुकांचा ताबा असतो. गेटचाही यात हात आहे: सुरंग घोड्यांच्या पायांवर आणि तोंडावर कुमेतांपेक्षा सरासरी जास्त पांढरं असतं. अरबी घोड्यांत आणि स्वित्झर्लंडच्या फ्रांश-मोंतान्य जातीत हे मोजून पाहिलेलं आहे. त्याउपर नशिबाचा वाटा. एकाच घोड्याचे क्लोन केले तरी त्यांच्या कपाळावरचे पट्टे हुबेहूब सारखे येत नाहीत, जनुकं अक्षरशः तीच असूनही.

महाभारतातल्या गालवाची मला म्हणूनच दया येते. विश्वामित्रानं गुरुदक्षिणा मागितली ती चंद्रासारखे पांढरे आणि एकच कान काळा असलेले ८०० घोडे. अंगावर पांढरं खूप पसरलं की शेवटी रंग उरतो तो बरेचदा कानांवर, त्यामुळे असा एखादा घोडा जन्मणं अशक्य नाही. पण एकच कान काळा राहायचा की दोन्ही, हे जनुकं पूर्णपणे ठरवत नाहीत, त्यामुळे त्याची पैदास करता येत नाही. गालवाला ६०० च जमले, हेही कमी नाही.

अबलखातला सगळ्यात ओळखीचा प्रकार टोबियानो. पाठीवरून पांढरं आडवं ओलांडून जातं, पाय पांढरे, तोंड मात्र रंगीत. याचं कारण एखादं अक्षर नाही. ३ क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडाच केआयटीच्या शेजारी उलटा बसलेला आहे. धरणाचं गेट, म्हणजे एमसी१आर, त्याच गुणसूत्रावर जवळ आहे. म्हणून एखाद्या काळ्या-पांढऱ्या घोड्याला टोबियानो आणि उघडं गेट एकाच पालकाकडून आणि बंद गेट दुसऱ्याकडून मिळालं असेल तर पुढेही पहिली दोन बहुधा जोडीनंच जातात. मग सुरंग जोडीदारापासून झालेली त्याची अबलख शिंगरं जवळजवळ सगळी काळं असलेली आणि बिनपट्ट्यांची जवळजवळ सगळी सुरंग, असं काहीतरी विचित्र दिसू लागतं. मघाचा १६ शक्यतांचा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण इथली दोन जनुकं स्वतंत्रपणे वाटली जात नाहीत.

अबलखातली एक तऱ्हा मात्र जपून हाताळायची आहे. अमेरिकी पेंट घोड्यांत फ्रेम नावाचा नमुना असतो: पांढरं अंगाच्या बाजूंवर, पाठ आणि पाय रंगीत, तोंडावर भरपूर पांढरं. ईडीएनआरबी जनुकाची एक बदललेली प्रत असली की हा सुंदर नमुना येतो. दोन प्रती आल्या तर शिंगरू जवळजवळ पूर्ण पांढरं जन्मतं, दूध पितं आणि काही तासांत पोटदुखीनं तडफडू लागतं. ते वाचत नाही. आतड्याला हलवणाऱ्या मज्जातंतूंच्या पेशीही गर्भात त्याच कडेवरून निघतात आणि त्याच जनुकाच्या भरवशावर आतड्यापर्यंत पोचतात. इथे त्या पोचलेल्याच नसतात. दोन फ्रेमवाल्यांच्या जोडीत चारातल्या एका शिंगराची ही गत होते. वाईट म्हणजे एक प्रत असलेल्या काही घोड्यांवर पांढरं इतकं थोडं असतं की कुणाला शंकाही येत नाही.

ठिपकेवाल्या घोड्यांबद्दल एवढंच. टीआरपीएम१ जनुकातल्या बदलाची एक प्रत ठिपके किंवा पाठीवरची पांढरी झूल द्यायला पुरते, दोन प्रतींचा घोडा मात्र रात्रआंधळा असतो. सेक्रेटेरियटला पैदाशीसाठी ठेवलं तेव्हा चाचणी म्हणून आधी एक ठिपकेवाली अॅपलूसा घोडी दिली होती. त्या महान घोड्याचं पहिलं शिंगरू आईसारखं अॅपलूसा निघालं. फ्रान्सच्या पेश मेर्ल गुहेत सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची ठिपकेवाल्या घोड्यांची चित्रं आहेत. ती कल्पनेतली असावीत असं पूर्वी अनेकांना वाटे. २०११ साली माणसाळण्याच्या आधीच्या ३१ घोड्यांचे अवशेष तपासले तेव्हा ६ जणांत हाच बदल सापडला.

नुकऱ्याची गोष्ट सारंगखेड्याच्या ग्राहकाला सगळ्यात उपयोगी, कारण पांढऱ्या घोड्याला मागणी फार. पांढरे दिसणारे तीन घोडे शेजारी उभे आहेत असं समजा. पहिल्याची नाकपुडी काळी: तो वय झालेला सब्जा. दुसऱ्याची कातडी गुलाबी, डोळे फिके निळे, आयाळीत मलईची झाक: तो बहुधा दोन क्रीमवाला. तिसऱ्याची कातडी गुलाबी, पण डोळे काळेभोर आणि केस स्वच्छ पांढरे: त्याच्या केआयटी जनुकात बदल असण्याची शक्यता जास्त. तिघांनाही साधी सुरंग घोडी दाखवली तर पहिल्याची शिंगरं गडद जन्मतील आणि निम्मी तरी पुढे पांढरी होतील. दुसऱ्याची शिंगरं बहुतेक सोनेरी होतील (त्याचा पाया मुश्की असेल तर काही काळीही) आणि एकही पांढरं होणार नाही. तिसऱ्याची साधारण निम्मी शिंगरं जन्मतःच पांढरी असतील आणि बाकीची साधी. दुसरा घोडा 'याची शिंगरं पांढरीशुभ्र होतात' असं सांगून विकला गेला, तर विकणाऱ्यानं बेइमानी केली असेलच असं नाही. त्यालाही माहीत नसतं.

यातलं बरंचसं आता आयाळीतले मुळासकट उपटलेले काही केस प्रयोगशाळेत पाठवून कळतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक जनुकशास्त्र प्रयोगशाळेसारख्या संस्था या तपासण्या नेहमी करतात. केस कापलेला चालत नाही, मूळ लागतं, कारण पेशी मुळाशी असतात. निव्वळ रंगाच्या हौसेसाठी सगळ्या तपासण्या करत बसायची गरज नाही. वर सांगितलेले दोन-तीन नियम आणि आई-बापांचे शिंगरू असतानाचे फोटो यांवर बराच उलगडा होतो. पण फ्रेम किंवा सिल्व्हर असलेल्या जातीचं रक्त दोन्ही बाजूंनी येत असेल, तर घोडी दाखवण्याआधी दोघांचीही तपासणी करून घ्यावी.